नाव बदलण्याचा अर्ज

नेरगुई आले तेव्हा शेगडीत गोवऱ्या अजून धरल्या नव्हत्या.
मिशांवर दहिवर, बगलेत फरटोपी,
वय एक्याऐंशी, मोटारसायकलवरून चाळीस किलोमीटर.
म्हणाले, नाव बदलायचंय.

नेरगुई म्हणजे बिननावाचा.
हे नाव आहे. माझ्या संगणकात असे एकशे चार निघतात.
लाइपझिगला लेकीकडे जाताना कुणा दुभाष्यानं
शब्दाला शब्द लावला होता,
नावाच्या रकान्यात ‘नाही’ उमटलं
आणि अर्ज परत आला: रकाना कृपया भरावा.
मला वाटलं, पुन्हा तेच.
ते नाही, म्हणाले. जर्मनी बघून झाली.
मग खारा चहा मागितला.

आधी तीन भाऊ होते.
ओचिर. मुळात वज्र.
पोथ्यांबरोबर दक्षिणेकडून निघालेलं,
किती जणांच्या जिभेवर मुक्काम करत आमच्यापर्यंत आलं
तोवर कडा झिजल्या होत्या.
तो अकरा दिवसांचा गेला.
एर्देने म्हणजे रत्न, त्याच वाटेनं आलेलं. एक हिवाळा.
अदिया, आदित्य. त्याला दात आले होते.
आईनं ठरवलं, आता दूरदेशचे दागिने नकोत,
चोरांना लांबून चमकतात.
चौथ्याच्या कपाळाला काजळी फासली,
हे मूल नाही, ससा आहे.
नाव विचारलं कुणी तर म्हणायची, नाव नाही.
एर्लिग खानाचे शिपाई यादी घेऊन आले असणार,
तंबूच्या दारात पानं उलटली असणार,
आणि गेले असणार हात हलवत.

युक्ती जुनी आहे. मला कशाला सांगायला हवी?
मी एनेबिश. ही नव्हे.
माझे मामा हुनबिश, माणूस नव्हे.
शेजारच्या टेबलावरचा हेनमेदेह, कोण जाणे.
आम्ही तिघं एका दारात उभे राहिलो
तर मरणाला साधी चौकशी करता यायची नाही.

आताच्या पोरी काजळी फासत नाहीत.
परवा एकीनं लेकीचं नाव मिशेल लावलं,
तिचा फ्रेंच नवरा खूश: आमच्याकडलंच!
तुमचं नव्हे, म्हटलं, आमच्यात त्याचा अर्थ हसू.
तो हसला. म्हणजे कळलं असावं.

म्हातारबांनी पेला खाली ठेवला.
बायको गेली. बरोबरीचे गेले,
ज्यांच्याशी कुस्ती खेळलो ते, ज्यांच्याशी बोललो नाही तेही.
माझाच पुकारा होत नाही.
आईनं कडी इतकी घट्ट लावली
की आता आतून निघत नाही.
तू एक नाव घाल. कसलंही.
त्यांना वाचता येईल असं.

अर्जात रकाना असतो: बदलाचं कारण.
लोक लिहितात लग्न, ज्योतिष, चुकीची अक्षरं.
मी पेन धरून बसले.
बरं, नवं नाव काय?
हा विचार त्यांनी केलाच नव्हता.
खिडकीबाहेर बघत वार मोजले,
गुरुवारचा पुरेव, शनिवारचा ब्याम्बा.
पण कुठल्या वारी जन्मलो तेही तिनं लपवलंय.
मग भावांची नावं एकेक पुटपुटून पाहिली,
दुसऱ्याचा कोट अंगाला लावून बघावा तशी.
बाही कुठेच बसेना.
सही केली, रकाना कोरा ठेवून.
शेळ्या विणल्या की सुचेल, म्हणाले.
गाडी तिसऱ्या किकेला सुरू झाली.

वसंतात नाव घेऊन आले.
मी लिहून घेतलं. चांगलं आहे, छोटं आहे,
इथे सांगणार नाही, भिंतींना कान असतात.

त्याला तीन वर्षं झाली.
दर वसंतात ते विचारतात, दर वसंतात मी म्हणते
शिक्का राजधानीहून यायचाय, साहेब रजेवर आहेत.
कागद माझ्या खणात आहे,
मेंढीच्या घोट्याच्या हाडाखाली दाबून ठेवलेला.
आमच्या कचेरीत कामं रखडतात, अशी लोकांची तक्रार आहे.
एका कागदापुरती ती खरी आहे.